शाळेतून मध्येच घरी: अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाचं होमस्कूलिंग कसं सुरू करावं

पाच वर्षांच्या मुलाला घरी शिकवायला घेणं आणि सातवीतल्या मुलाची शाळा थांबवून त्याला घरी शिकवणं, ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. लहान मुलाची पाटी कोरी असते. सातवीतलं मूल सहा-सात वर्षांची शाळा अंगात मुरवून घरी येतं. शाळेतले मित्र, तिथल्या सवयी, अर्धवट कळलेले अपूर्णांक आणि ‘मी गणितात कच्चा’, ‘मला निबंध जमतच नाही’ अशी स्वतःबद्दलची ठाम मतं, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. शिवाय याच वयात त्याला आईवडिलांपासून जरा लांब सरकायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला दिवसभर घरात आणून बसवतो. होमस्कूलिंगबद्दलचा बराचसा सल्ला लहान मुलांच्या पालकांसाठी असतो. तो इथे जसाच्या तसा लावला की महिन्याभरात घरात खटके उडायला लागतात.

माझ्या मुलीची शाळा आम्ही सहावी संपल्यावर थांबवली. पहिल्या काही महिन्यांत मी केलेल्या बहुतेक चुका एकाच कारणाने झाल्या: मी अभ्यास आखत होते आणि ती फक्त करत होती. या वयात आखणीतच मुलाचा हात हवा, आणि वर्षभरात ती आखणी थोडी थोडी त्याच्या ताब्यात द्यायला हवी. पुढच्या पायऱ्या मी त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

पायरी १: मुलाशी बोला आणि कारण कागदावर उतरवा

शाळा सोडण्यामागचं कारण प्रत्येक घरात निराळं असतं. कुणाला वर्गाचा वेग फार संथ वाटतो, कुणाला तो झेपत नाही, कुणी खेळाच्या किंवा संगीताच्या सरावासाठी वेळ शोधत असतं, कुणी वर्गातल्या छळाला कंटाळलेलं असतं. हे कारण नेमकं माहीत असेल तरच घरी काय वेगळं करायचं ते ठरवता येतं.

एक संध्याकाळ राखून ठेवा. तुम्ही एक कागद घ्या, मुलाला एक द्या, आणि दोघांनी वेगवेगळी तीन उत्तरं लिहा: शाळेत काय नकोसं झालं आहे? शाळेतलं काय सोडवत नाही? वर्षानंतर काय बदललेलं हवं? मग कागद एकमेकांना वाचून दाखवा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे फार नीट लक्ष द्या. तिथे बहुधा मित्रमैत्रिणींची नावं असतात, एखादे आवडते शिक्षक असतात, किंवा मैदानावरचा शेवटचा तास असतो. शाळा सुटल्यावर या गोष्टी कशा टिकवायच्या, हे आत्ताच ठरवून ठेवा. दोन्ही कागद पाकिटात घालून जपून ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

मुलाची अजिबात इच्छा नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्याची सुरक्षितता धोक्यात नसेल तर सुरुवात करू नका. रोज नाराज असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरी शिकवता येत नाही. आणि कारण छळ, सततची भीती किंवा उदासपणा हे असेल, तर शाळा थांबवल्याने त्रासाचं ठिकाण दूर होतं, पण मनावरची जखम तशीच राहते. त्यासाठी समुपदेशकाची मदत वेगळी घ्या आणि अभ्यासाच्या आधी घ्या.

निर्णय एका वर्षापुरता ठेवा. ‘आता कायम घरीच’ म्हटलं की मुलाच्याही पोटात गोळा येतो आणि आपल्याही.

पायरी २: आधी कायदा, मग शाळा

हा क्रम चुकवू नका. शाळेला कळवण्याआधी तुम्ही राहता त्या देशातला आणि राज्यातला नियम मुळातून वाचा, कारण फरक फार मोठे आहेत. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं असल्याने घरी शिकवण्याला जवळपास वाव नाही. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलाला योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांवर टाकली आहे, आणि ते शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गाने देता येतं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला मान्यता आहे, पण न्यूयॉर्कमध्ये सातवीपासून वर्षाला ९९० तासांचं शिक्षण आणि दर तिमाहीला अहवाल लागतो, तर टेक्सासमध्ये राज्याकडे नोंदणीसुद्धा करावी लागत नाही. भारतात २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे, होमस्कूलिंगसाठी वेगळी नियमावली नाही, आणि परीक्षेसाठी बरीच कुटुंबं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे (एनआयओएस, म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मंडळ) वळतात.

नियम वाचून झाला की शाळेला लेखी कळवा. पत्र चार ओळींचं, नम्र आणि तक्रारीविना असू द्या. उद्या परत जायची वेळ आली तर हीच शाळा दार उघडणार आहे. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि मुलाला शिकण्यात काही विशेष अडचण असल्यास त्याच्या तपासणीचे अहवाल मागून घ्या. सगळ्याच्या प्रती काढून एकाच फायलीत लावा.

पायरी ३: मधला रिकामा काळ

पहिल्या आठवड्यात एकदा माझी मुलगी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. मी स्वयंपाकघरात होते. ती उठली, दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘‘आई, बाथरूमला जाऊ?’’ स्वतःच्या घरात! विचारून झाल्यावर तिचं तिलाच ते जाणवलं आणि ती गोंधळून उभी राहिली. घंटा, परवानगी, ‘हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न, या सवयी दप्तर कोपऱ्यात ठेवल्याने जात नाहीत. त्या उतरायला लागणाऱ्या काळाला होमस्कूलिंग करणारे पालक ‘डीस्कूलिंग’ म्हणतात.

जितकी वर्षं शाळा, तितके महिने सुट्टी, असा एक आडाखा या पालकांमध्ये प्रचलित आहे. सातवीतल्या मुलासाठी सहा-सात महिने मला फार वाटतात. चार ते आठ आठवडे बहुधा पुरतात. मात्र मूल फारच दुखावलं गेलं असेल तर घाई करू नका. या काळात पाठ्यपुस्तक उघडायचं नाही. वाचन, चालणं, सायकल, स्वयंपाक, दुरुस्तीची कामं, वाचनालय, लांबलेल्या गप्पा, हे भरपूर असू द्या. स्क्रीनची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून ठरवा, कारण रिकाम्या वेळात स्क्रीन पसरत जाते आणि नंतर ती आवरताना फार भांडणं होतात.

मूल उशिरा उठायला लागेल. यात त्याचा आळस नसतो. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं आणि शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि तेराव्या वर्षापासून ८ ते १० तास झोप मिळायला हवी. घरी शिकण्याचा हा एक मोठा फायदा आहे, तो पुरेपूर घ्या. फक्त उठण्याची वेळ रोज साधारण तीच राहू द्या.

आपणही या काळात गप्प बसायचं नाही. वही घ्या आणि मूल कशात रमतं, काय टाळतं, दिवसातल्या कुठल्या वेळी टवटवीत असतं, ते लिहून ठेवा.

पायरी ४: पाया कुठे कच्चा आहे ते शोधा

या पायरीला हवा तेवढा वेळ द्या. मुलाची इयत्ता सातवी असली तरी त्याचं गणित पाचवीत अडकलेलं असू शकतं आणि वाचन नववीचं असू शकतं. शाळेत सगळ्या विषयांची इयत्ता एकच धरावी लागते, घरी तशी गरज नाही.

परीक्षा घेऊ नका. ‘‘आपण कुठून सुरू करायचं ते शोधू या’’ म्हणा आणि शेजारी बसून एकेक उदाहरण सोडवायला द्या. उत्तरापेक्षा मूल ते कसं काढतं त्याकडे लक्ष द्या आणि त्याला मोठ्याने विचार करायला सांगा.

या वयात गणिताची गाठ बहुतेक वेळा अपूर्णांकात सापडते. माझ्या मुलीला मी दोन-तृतीयांश अधिक तीन-चतुर्थांश दिलं. तिने झटकन लिहिलं: पाच-सप्तमांश. वरच्या संख्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मला तोंडात आलेला ‘समच्छेद कर’ हा शब्द गिळायला कष्ट पडले. मी विचारलं, ‘‘दोन-तृतीयांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’’ ‘‘जास्त.’’ ‘‘तीन-चतुर्थांश?’’ ‘‘जास्तच.’’ ‘‘मग दोन्ही मिळून?’’ ती म्हणाली, ‘‘एकापेक्षा जास्त,’’ आणि तिची नजर स्वतःच्या उत्तरावर गेली. पाच-सप्तमांश तर एकापेक्षा कमी! तिने ते स्वतः खोडलं. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, दोन्हींचे बारा-बारा भाग पाडले, आठ आणि नऊ भाग रंगवले, आणि सतरा-द्वादशांश तिचं तिनेच मोजून काढलं. त्या एका उदाहरणाला पाऊण तास लागला. पण अपूर्णांकाला आकार असतो, तो कशाहून तरी लहान किंवा मोठा असतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यानंतरचे दोन महिने आम्ही पाचवीच्या गणितात काढले आणि ते वाया गेले नाहीत. गुणोत्तर, शेकडेवारी आणि पुढचं बीजगणित सगळं यावरच उभं राहतं.

आणखी काही गोष्टी अशाच तपासा. ०.४५ मोठा की ०.६? ‘पंचेचाळीस सहापेक्षा मोठे’ म्हणून पहिला मोठा सांगणारी मुलं सातवीतही भेटतात, आणि त्याचा अर्थ दशांश चिन्हानंतरची स्थानिक किंमत पक्की झालेली नाही. ऋण संख्यांची वजाबाकी, पाढे आणि शाब्दिक उदाहरणाचं गणितात रूपांतर हेही पाहा.

भाषेसाठी मुलाला एखाद्या माहितीपर लेखाचं पान वाचायला द्या, मग पान उलटं ठेवून त्यात काय होतं ते त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी शंभर वर्षांपूर्वी हीच पद्धत शिकवण्याचा गाभा म्हणून वापरली होती. नीट सांगता येत असेल तर वाचन ठीक आहे. घडाघडा वाचून काहीच सांगता येत नसेल तर अजून सोप्या मजकुराकडे जा. वाचताना मूल अक्षरांवरच अडखळत असेल आणि हे वर्षानुवर्षं चालत आलं असेल, तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

पायरी ५: अभ्यासक्रम निवडताना

पहिल्याच महिन्यात सगळ्या विषयांचा महागडा संच विकत घेऊ नका. मूल कसं शिकतं हे अजून तुम्हाला कळायचं आहे. सुरुवातीला गणिताचं एक चांगलं, क्रमवार पुस्तक आणि वाचायला भरपूर पुस्तकं एवढं पुरतं. खान अकॅडमी या संकेतस्थळावर गणित पहिल्या पायरीपासून मोफत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. प्रोग्रॅमिंगसाठी ‘स्क्रॅच’ आहे आणि भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’.

गणित आणि वाचन-लेखन रोज हवं. बाकीचे विषय रोज थोडे थोडे घेण्यापेक्षा एकेक विषय तीन-चार आठवडे सलग घ्या. या वयाच्या मुलांना एखाद्या गोष्टीत बुडून जायला आवडतं, आणि शाळेच्या पाऊण तासाच्या तासिकेत ते जमत नाही. लेखनाबद्दल एवढंच सांगते: आठवड्याला एक लहान लेख, आणि तो दोनदा लिहायचा. पहिल्या खर्ड्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायच्या नाहीत, फक्त ‘इथे मला कळलं नाही’ एवढंच सांगायचं.

विज्ञानात प्रयोग हवाच, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक दोरी, एक जड नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ घ्या. दोरीच्या टोकाला नट बांधून लंबक करा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवा, नट थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि दहा पूर्ण आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. साधारण १० सेकंद भरतील. आता विचारा, दोरी चौपट केली, म्हणजे १ मीटर, तर किती वेळ लागेल? मुलं हमखास ४० म्हणतात. मोजल्यावर २० येतात. मग दोन नट बांधा. जड लंबक लवकर परतेल असं बहुतेकांना वाटतं, पण वेळ बदलत नाही. इथे उत्तर सांगायची घाई करू नका. ५० सेंटिमीटरला किती येतात ते त्याला मोजू द्या, तक्ता करू द्या, आलेख काढू द्या. माझ्या मुलीला १४ मिळाले, आणि ‘‘१० आणि २० च्या मध्ये १५ यायला हवे होते ना?’’ म्हणत तिने तीनदा पुन्हा मोजलं. वर्गमुळाशी तिची खरी ओळख तिथे झाली. एका प्रयोगात मापन, चुकीचा अंदाज, आलेख आणि वर्गमूळ एवढं सगळं येतं. असा एक प्रयोग दोन आठवडे पुरवा.

पायरी ६: दिवस कसा लावायचा

शाळा सहा तासांची असते म्हणून घरी सहा तास बसवू नका. हजेरी, वर्ग शांत होण्याची वाट, इतरांचं लिहून होण्याची वाट, हे सगळं घरी नसतं. या वयात तीन ते चार तासांचा एकाग्र अभ्यास पुरेसा होतो. जिथे कायद्याने तास ठरवून दिले आहेत, तिथे वाचन, प्रयोग, व्यायाम, वाद्याचा सराव यातलं काय मोजता येतं ते पाहून घ्या.

आखणीची सोपवणूक अशी करा. पहिले दोन महिने वेळापत्रक तुम्ही मांडा, पण विषयांचा क्रम मुलाने ठरवावा. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याची यादी द्या आणि रोज काय करायचं ते त्याला वाटून घेऊ द्या. पहिल्या शुक्रवारी चार दिवसांचं गणित साचलेलं दिसेल. तेव्हा ओरडू नका आणि ते माफही करू नका. दोघं मिळून बसा, पुढचा आठवडा कसा लावायचा ते त्यालाच विचारा. साधारण सहाव्या महिन्यापासून एक विषय पूर्ण त्याच्याकडे द्या: काय शिकायचं, कुठून, किती दिवसांत आणि शेवटी काय दाखवायचं, सगळं त्याने ठरवायचं. माझ्या मुलीने पक्षी निवडले होते आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेली.

आई आणि शिक्षिका या दोन भूमिकांची गल्लत होते, तीही आवरा. अभ्यासावरून झालेला वाद जेवणाच्या ताटापर्यंत न्यायचा नाही, असा आम्ही नियम केला. एखाद्या विषयावरून सतत वाद होत असतील तर तो विषय दुसऱ्याकडे द्या: दुसरा पालक, आत्या, काका, शेजारचं कॉलेजमधलं मूल किंवा एखादा वर्ग. पालक नोकरी करत असतील तर मुलाने स्वतः करायचं काम सकाळी आणि पालकांसोबत बसून करायचं काम संध्याकाळी, अशी विभागणीही चालते. पण बारा वर्षांचं मूल दिवसभर एकटं राहणार असेल, तर तुमचा आराखडा अजून तयार नाही असं समजा.

पायरी ७: उजळणी आणि नोंदी

घरी परीक्षा नसल्याने पुढे जात राहण्याचा मोह होतो आणि मागचं निसटतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरतं, आणि अंतरा-अंतराने उजळणी केली की टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिला. म्हणून रोज सुरुवातीची दहा मिनिटं पुस्तक मिटून: कालचं एक, गेल्या आठवड्यातलं एक, गेल्या महिन्यातलं एक. गुण द्यायचे नाहीत.

नोंदी साध्या ठेवा. एक रोजनिशी, त्यात रोज तीन-चार ओळी. एक फाइल, त्यात दर महिन्याला गणिताचं एक पान, एक लेख, एका प्रयोगाची नोंद, फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी. प्रत्येक कागदावर तारीख हवी. अधिकाऱ्यांना दाखवायला, पुढच्या शाळेला दाखवायला आणि ‘आपण काहीच करत नाही’ असं वाटणाऱ्या दिवशी स्वतः पाहायला ही फाइल लागते.

पायरी ८: समवयस्क माणसं

या वयात मित्र ही चैनीची गोष्ट नाही. अधूनमधून एखाद्या कार्यक्रमात मुलं भेटली, याने मैत्री होत नाही. तीच मुलं, तीच जागा, दर आठवड्याला, असं काहीतरी लागतं: खेळाचा संघ, वादनाचा वर्ग, नाट्यगट, बुद्धिबळ मंडळ, इतर होमस्कूलिंग कुटुंबांचा गट. आठवड्यात असे दोन तरी ठरलेले दिवस नसतील तर आधी ते उभे करा, भूगोल थांबू शकतो. शाळेतले जुने मित्र आपोआप टिकत नाहीत. पहिले सहा महिने त्यांना घरी बोलावण्याचा, मुलाला सोडण्या-आणण्याचा भार पालकांनीच उचलायला हवा.

पायरी ९: नववी-दहावीचा विचार लवकर करा

मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत पुढची वाट नक्की करा. परत शाळेत, मुक्त विद्यालयातून, की केंब्रिजच्या आयजीसीएसईसारखी (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय) परीक्षा खासगी उमेदवार म्हणून? प्रत्येक मंडळाची वयाची अट, विषयांची निवड, प्रात्यक्षिकांचे नियम आणि नोंदणीच्या तारखा वेगळ्या असतात. विशेषतः विज्ञानाची प्रात्यक्षिकं खासगी उमेदवाराला कुठे करता येतील, हे विषय निवडण्याआधीच केंद्राला विचारून घ्या. परत शाळेत जायची शक्यता असेल तर दुसरी भाषा सोडू नका. मध्ये खंड पडला की ती भरून काढणं सर्वांत जड जातं.

वर्ष संपताना पहिल्या पायरीतलं पाकीट काढा. दोघांनी आपापला कागद पुन्हा वाचा आणि तेच तीन प्रश्न घराबद्दल लिहा: घरी शिकताना काय नकोसं झालं, काय सोडवत नाही, पुढच्या वर्षी काय बदललेलं हवं? या वेळी आधी मुलाला वाचू द्या. पुढचं वर्ष घरी की शाळेत, ते त्यानंतर ठरवा.